नाना वस्तादांच्या फुल्या

१९९८चा गणेशोत्सव : आमच्या शेजारच्या तालमीतून परदेशी गेलेल्या मुलांनी ई-मेलवर आपला गट स्थापन केला. जबाबदार : सर्व संबंधित, आणि त्यांचे मी कौतुकच करतो. १९९९ची होळी : या तालमीचे वस्ताद नाना यांना त्या गटातून काढून टाकण्यात आले. जबाबदार : गटाचे व्यवस्थापक श्री. शिरीष, मुक्काम अमेरिका. त्याच वर्षीची दिवाळी सरल्यावर : नाना वारले. जबाबदार : कोणीही नाही, वय झाले होते. त्यानंतर आठच दिवसांत : गटावर श्रद्धांजली प्रसिद्ध झाली आणि तीत नानांना 'मितभाषी व सात्त्विक वाणीचे' असे म्हणण्यात आले. जबाबदार : पुन्हा श्री. शिरीष. ज्यांनी नानांना पाहिले नाही ते हे विधान खरे मानून चालतील, म्हणून पुढील मजकूर.

साताऱ्याच्या न्यायालयातून निवृत्त होऊन मी सांगलीस राहावयास आलो, तेव्हा घराची मागची भिंत तालमीस लागून आहे हे मला सांगण्यात आले होते. त्या भिंतीतून पहाटे काय ऐकू येते, हे सांगण्यात आले नव्हते. जोर मारणाऱ्या मुलांच्या आईबापांचा, जनावरांचा आणि शरीराच्या निरनिराळ्या अवयवांचा तेथे जो उद्धार चाले, तो ऐकून मी रीतसर तक्रार लिहिली. आक्षेपार्ह शब्द मला लिहवेनात. त्यांच्या जागी फुल्या मारल्या आणि कागद स्वतः नेऊन दिला. मिशीला लाल माती लागलेला एक धिप्पाड म्हातारा तो निरखून पाहू लागला.

"ह्या फुल्या कशाच्या वं सायेब?"

"आपण जे बोलता त्याच्या."

"मंग लय कमी मारल्या तुमी," नाना म्हणाले. "बसा. आवं, ज्याला शिवी पडती त्यो माझा. ज्याला मी 'अहो' म्हनलं, त्यानं लंगोट पिळावा आन घरची वाट धरावी. त्येच्यात काय न्हाई, हे वळखून घ्यावं."

हा त्या तालमीचा कायदा होता आणि कायदा म्हटल्यावर माझा विरोध मावळला. पुढे मी पाहिले की, ज्याच्या अंगात कुस्ती नाही त्या मुलाला नाना इतक्या आदराने वागवीत, की तो रडत घरी जाई. मलाही ते 'अहो सायेब' म्हणत. तिसऱ्या वर्षी पाणीपट्टीच्या वादात मी नगरपालिकेला नमवले, तेव्हा नानांनी पाठीवर थाप मारून मला पहिली अस्सल शिवी दिली. त्या दिवशी आमच्या घरी शिरा झाला. त्याचे कारण मी सौ.ला सांगितले नाही.

आता मूळ विषय. कोरेगावकडचा मारुती हा नानांचा आवडता पठ्ठा. गुडघा गेल्यावर त्याची कुस्ती सुटली आणि तो मस्कतला क्रेन चालवू लागला. त्याला तेथे करमेना. कंपनीतला एक कारकून गटावरचा मजकूर त्याला कागदावर काढून देई आणि त्याचे उत्तरही धाडी. दर उत्तरात एकच पालुपद : "वस्ताद, परत येतो." घरी दोन बहिणींची लग्ने व्हायची होती. म्हणून त्याला तेथेच टिकवण्यासाठी नाना दर रविवारी गल्लीतल्या सुवर्णाच्या टेलिफोन बूथवर जात. तिने आतल्या खोलीत संगणक बसवला होता. नाना सांगत, ती रोमन लिपीत टंकित करी. मी शेजारी साक्षीदार म्हणून बसे.

पहिल्याच रविवारी अडचण आली. स्त्रीजातीसमोर नानांच्या तोंडून शिवी निघत नसे. 'मारुती, तू' एवढे बोलून ते अडकले. सुवर्णा म्हणाली, "सांगा की नाना, मी आपली मान खाली घालते." नानांनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांना माझा जुना तक्रारअर्ज आठवला. त्यांनी बोटाच्या पेराने टेबलावर ठोकले. "हितं फुली मार, पोरी."

तेव्हापासून तीच पद्धत पडली. हलक्या शिवीला पेराचा एक ठोका, भारी शिवीला तळहाताची थाप. ठोक्याला एक फुली, थापेला तीन.

"नाना, ही एकच का?"

"तीन. आन जरा दाबून मार, मस्कत लांब हाय."

मजकूर साधारण असा जाई : 'मारुती, तू ××× हायस. बहिनींची लग्नं लाव, मग ये. जेवतोस का न्हाई रं ×?' उत्तर येई : 'वस्ताद, फुल्या पोचल्या. आज पोटभर जेवलो.' एकदा त्याने विचारले, 'दुसरी फुली कळली नाही, नवीन आहे काय?' नाना दिवसभर खुशीत होते.

श्री. शिरीष या तालमीत एकूण आठवडाभर आले होते. कानात माती जाते म्हणून यायचे थांबले. त्यांनी गटात अपशब्दबंदीचा नियम केला. तो नानांनी तंतोतंत पाळला. तरीही होळीच्या दिवशी, ज्या दिवशी शिव्यांना प्रत्यक्ष धर्माची मुभा आहे त्या दिवशी, नानांचे नाव वगळण्यात आले. ना नोटीस, ना म्हणणे मांडण्याची संधी! मी सुवर्णामार्फत सविस्तर हरकत धाडली : फुली अश्लील ठरल्याचा एकही निवाडा माझ्या सेवाकाळात माझ्या टेबलावरून गेलेला नाही. उत्तर एका ओळीचे आले : 'काका, फुल्यांखाली काय आहे ते सगळ्यांना कळते.' मी विचारले, कळणे हा लिहिणाराचा अपराध की वाचणाराचा?

नाना शांत होते. "त्येचं मंडळ, त्येनं काढलं. मी का कमी जनांना काढलंय? पोरांना तर कारन कळलंच असंल." आम्ही तसेच धरून चाललो; मारुतीचा गटाखेरीज वेगळा पत्ताही आमच्याकडे नव्हता. परंतु श्री. शिरीष यांनी गटाला इतकेच कळवले होते : 'वस्ताद नाना यापुढे आपल्याशी बोलणार नाहीत.'

गणपती बसले त्या संध्याकाळी गल्लीतल्या बायका आरतीला जमल्या असताना तालमीच्या दाराबाहेर एक आडदांड तरुण पायताण काढून उभा राहिला. हातात बॅग.

"मारुती? आत का येत न्हाईस?" नानांनी विचारले.

"तुमी सोडलं न्हवं मला." त्याने बॅग खाली टेकवली. "पंचवीस-तीस रविवार झालं, एक शिवी न्हाई. म्हनलं, वस्तादानं टाकलं, आता हितं कुनासाठी ऱ्हायचं? नोकरी सोडून आलो. काय चुकलं तेवढं सांगा."

नानांच्या ध्यानात सगळे आले. त्यांनी तोंड उघडले. समोर आरतीची ताटे घेतलेल्या पंधरा बायका. तोंड मिटले. मग वळून त्यांनी तालमीच्या दारावर तळहाताने थापा मारावयास सुरुवात केली. मी साक्षीदार असूनही मला मोजता आल्या नाहीत. एक फळी निखळली. बायका आरती थांबवून पाहत राहिल्या आणि मारुती डोळे पुशीत, हसत उंबरा ओलांडून आत आला.

"पोचल्या, वस्ताद. समद्या पोचल्या."

नोकरी मात्र गेली. मारुती आज साखर कारखान्यात ऊस उतरवणारी क्रेन चालवतो. पगार मस्कतच्या पासंगाला पुरत नाही आणि धाकट्या बहिणीचे लग्न लांबले आहे. दिवाळीनंतर त्यानेच नानांना खांदा दिला.

सबब श्री. शिरीष यांना माझे जाहीर आवाहन आहे. 'सात्त्विक वाणी'चे विधान त्यांनी मागे घ्यावे. मारुतीची जाहीर क्षमा मागावी. आणि ज्या फुल्यांवरून एका वस्तादाला त्याच्याच पोरांपासून तोडले, त्या फुल्यांत आपण स्वतः कोणते शब्द वाचलेत, ते त्याच गटावर, सर्वांसमक्ष, आपल्या नावानिशी लिहावे. उत्तर संपूर्ण अक्षरांत असावे. फुल्या ग्राह्य धरल्या जाणार नाहीत.