पायाळू विमलताईचा डावा पाय

विमलताई या जगात आली तीच पाय पुढं करून. डोकं मागून आलं. तिचे धाकटे दीर मारोतराव तर म्हणायचे, "वहिनीचं डोकं अजून पुरतं आलंच नाई, वाटंत हाय." जन्मताना पाय आधी आले की ते बाळ पायाळू, आणि पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते, असं आर्णीकडची गावं मानतात. त्यामुळं आमच्या विमलताईचं नशीब बघा. ज्याला त्याला लाथ घालायची, आणि वरून त्यानंच हिच्या पाया पडायचं. असं सुख कुठल्या सासुरवाशिणीला मिळालंय?

सरपंचाला घातली, हेडमास्तरला घातली, एकदा गणपतीच्या बंदोबस्ताला आलेल्या हवालदारालाही घातली. पद्धत ठरलेली. दुखणाऱ्यानं उजाडायच्या आत यायचं, ओट्यावर उगवतीकडं तोंड करून बसायचं, बसल्यावर बोलायचं नाही. दिवस निघाला की विमलताई मागून डाव्या पायाचा अंगठा पाठीला तीनदा लावणार. तोवर दोघांनीही चूळसुद्धा भरायची नाही. घ्यायची काही नाही, उलट चहा पाजायची आणि चहासोबत दोन शब्द ऐकवायची, "एवढं ओझं उचलाची काय गरज होती रे? बायको काय पाहून राह्यली होती?"

नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. शेत मुलगा कपिल बघायचा, घर सून निकिता. विमलताईला कोणी टाकून बोलत नव्हतं, पण कशात विचारतही नव्हतं. बी कोणतं लावायचं, गाडी कधी घ्यायची, सगळं ठरल्यावर तिला कळायचं. पहाटे दारावर थाप पडून "विमलताई हाय का घरी?" असं कोणी विचारायचं, ते फक्त त्या पायासाठी.

आणि नेमका तोच पाय दोन वर्षांपासून रात्री दगा देऊ लागला.

दिवसा काही नाही हो! सदुसष्ट वर्षांची बाई दिवसाकाठी तीस-पस्तीस किलो कापूस वेचून दाखवायची, तरण्या पोरी मागं राहायच्या. पाणी मात्र घोटभर, कारण शेतात आडोसा शोधत कोण हिंडणार. मग रात्री दोन-अडीचला डाव्या पोटरीत गोळा यायचा. आधी पाऊल खाली वळायचं, बोटं फाकायची, मग पोटरीचं मांस एका जागी जमून दगड व्हायचं. विमलताई वाकळीचं टोक तोंडात कोंबायची. लसणाचं तेल चोळून झालं, मीठ-साखरेचं पाणी झालं, काळा दोरा झाला. उपयोग एकाच गोष्टीचा व्हायचा. कसंबसं उठायचं, थंड फरशीवर टाच टेकायची, दोन्ही हात भिंतीला लावून पुढं झुकायचं, आणि दगड विरघळेपर्यंत तसंच उभं राहायचं. भिंत सामायिक होती. पलीकडं मारोतराव आणि त्यांची बायको सुखीबाई झोपलेली असायची, म्हणून हुंकारसुद्धा काढायचा नाही.

कारण कळलं तर काय? पायाळूच्याच पायात गोळे! गाव हसून हसून लोळलं असतं, आणि पहाटेची थाप बंद झाली असती.

पण सुनेच्या कानाला कोण फसवणार? एका रात्री निकितानं दिवा लावला, तर सासू भिंत ढकलताना दिसली.

"आई, काय करून राह्यल्या?"

"उंदीर होता."

"मंग पिंडरीत शिरला वाटते." निकितानं खाली बसून सासूचा पाय मांडीवर घेतला आणि अंगठा वर ओढून धरला. गोळा उतरला. "उद्या आर्णीले डॉक्टरले दाखवू."

"तिथला कंपाउंडर आपल्याच गावचा हाय. संध्याकाळपावेतो पारावर बातमी. तुले माही शपथ हाय निकिता, कपिललेही सांगाचं नाई."

निकितानं शपथ पाळली. ती पाळायला नको होती, असं आता तिलाही वाटतं.

डिसेंबरातली गोष्ट. त्या रात्री विमलताईला तीनदा गोळा आला. तिसऱ्यांदा उतरला तेव्हा सहा वाजत होते. पोटरी ठणकत होती, पाय टेकवत नव्हता. आणि दारावर थाप.

"वहिनी, उठा. गिऱ्हाईक आलं."

मारोतराव. अंगावर शाल, हात डाव्या खांद्यामागं. काल सांजेला कापसाचा बोजा गाडीत चढवला, रात्रीपासून पाठीत धरलंय, म्हणाले. कपिल उठून आला.

"काका, गाडी काढू का? आर्णीले जाऊन येऊ."

"वहिनी म्हनन तसं." मारोतराव हसले, पण हसू अर्ध्यातच राहिलं. "तुही आई हाय न डॉक्टर. तिच्या लाथीनं मी चाळीस वर्सं टिकलो."

विमलताईनं त्यांच्याकडं पाहिलं. तिनं तोवर शेकडो पाठी पाहिल्या होत्या. उसण भरलेला माणूस लाकडासारखा येतो, वाकत नाही, शिंकायला भितो. मारोतराव तर चपला काढायला सरळ खाली वाकले. आणि त्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता.

तिला ते दिसलं. पण तिच्या मनात दुसरंच चाललेलं. पाय लावताना गोळा आला तर? मारोतराव म्हणजे गावचा रेडिओ. दुपारपर्यंत आख्ख्या पंचक्रोशीत. आणि "मले नाई जमत, दवाखान्यात जा," असं आजवर कधी म्हटलं नव्हतं, आज म्हटलं तर काहून म्हणून विचारणार.

"उसणच हाय," ती म्हणाली. "बसा. दिवस निघू द्या."

दिवस निघायला पाऊण तास होता. मारोतराव ओट्यावर उगवतीकडं तोंड करून बसले. बोलायचं नाही म्हणून बोलले नाहीत. जन्मात एवढा वेळ तो माणूस गप्प बसला नव्हता. कपिलनं दोनदा गाडीची किल्ली हातात घेतली आणि दोनदा खुंटीला लावली. विमलताई स्वयंपाकघराच्या दारामागं उभी राहून पोटरी चोळत होती. ओट्याकडं तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.

सूर्य आला. तिनं पाय उचलला. पहिल्यांदा लावला. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा अंगठा पाठीला टेकला आणि पोटरीत कळ उठली. पाऊल वळलं, बोटं फाकली, तिचा सगळा भार मारोतरावांच्या पाठीवर गेला. तिनं दात दातावर धरले. आवाज नाही काढला.

"आज जोरात लावली, वहिनी," मारोतराव म्हणाले. उठले. दोन श्वास थांबून म्हणाले, "मोकळं झालं."

चहाला थांबले नाहीत. दहा पावलांवर त्यांचं दार. दारात बसले, सुखीबाईकडं पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत कलंडले.

कपिलनं गाडी कशी हाकली ते त्यालाच माहीत. दुपारी परत आला तो मागच्या सीटवर काकाला आडवं घेऊन. अंगणात उभा राहून, आईकडं न बघता, नळाकडं बघत म्हणाला, "हार्टचं होतं. डॉक्टर म्हनले, तासभर आधी आनलं असतं त काही करता आलं असतं."

आता गाव कसं असतं बघा. गावानं विमलताईला नावं ठेवली असती तर तिनं कंबर कसून भांडण केलं असतं, त्यात ती कमी नाही. पण गावानं तिला नावाजलं. तेरवीपर्यंत जो येई तो म्हणे, "मारोतराव भाग्याचा. जाताना दुखनं संगं नाई नेलं. विमलताईच्या पायानं मोकळा होऊन गेला." सुखीबाईनं तर सगळ्यांच्या देखत जावेचे पाय धरले. "बाई, तुमच्या पायानं त्याईले शेवटी आराम भेटला. मोकळं झालं म्हनले न, तुमीच ऐकलं."

विमलताई म्हणाली, "हो."

त्यानंतर गोळा आला की ती उठेना. भिंत नाही, फरशी नाही. पडून राहायची, पाय आपला दगड होऊ द्यायची. एका रात्री निकिता धावली, अंगठा धरायला गेली, तर विमलताईनं पाय आखडून घेतला.

"आई, काहून असं करून राह्यल्या? उठा न!"

"दुखू दे."

"अहो पन..."

"दुखू दे म्हनलं न."

महिना झाला. संक्रांत होऊन गेली. आणि एका पहाटे थाप पडली.

तांड्यावरचा खेमसिंग होता. खत उतरवताना पाठ धरली म्हणून लाकडासारखा ताठ चालत आलेला, बायकोच्या खांद्यावर हात टाकून. "मावशी, मरून राह्यलो. घाला एक लाथ."

पलीकडच्या अंगणात सुखीबाई झाडत होती. झाडू थांबवून कुंपणाशी आली आणि खेमसिंगला म्हणाली, "बस बाप्पा, बस. बाईच्या पायाले यश हाय. आमच्या घरच्याईले विचारा..." आणि पदर तोंडाला लावला.

खेमसिंग ओट्यावर टेकला. ज्या जागी मारोतराव बसले होते, तिथंच. कपिल दारात उभा होता, निकिता त्याच्या मागं.

विमलताई बराच वेळ त्याच्या पाठीकडं बघत राहिली. दिवस निघाला, वर आला. तिनं पाय उचलला नाही.

"उठ खेमसिंग. कपिल, गाडी काढ. याले दवाखान्यात ने."

"मावशी? माह्याकडून काही चुकलं का?"

"माह्या पायात काही नाई. दोन वर्सं झाले, रातभर गोळे येतात. ज्या पायाले सोताचं दुखनं झेपत नाई, थो तुह्यं काय काढन?" कुंपणाकडं तोंड वळवून म्हणाली, "सुखी, आइक. भाऊजीले घाम आलता. मले दिसलता. थे उसण नोती, हे मले समजलं होतं. कपिल गाडी काढतो म्हनत होता. म्या बसवून ठेवलं. गोळ्याचं कोनाले समजू नये म्हनून बसवून ठेवलं."

सुखीबाईच्या हातात झाडू तसाच होता. अर्धं अंगण झाडायचं राहिलं होतं, ते तसंच टाकून आत गेली आणि दार लावलं. कडी घातल्याचा आवाज इकडं ऐकू आला.

गाडीत खेमसिंगच्या शेजारी विमलताईही बसली. लपवायला आता काय होतं? त्याच्या पाठीत खरंच उसण होती. सुई टोचली, दुपारी गडी बरा. उतरताना म्हणतो कसा, "उसणच निंघाली मावशी. तुमी लाथ घातली असती त पेट्रोल वाचलं असतं." एरवी विमलताईनं त्याला धड घरी जाऊ दिलं नसतं. त्या दिवशी नुसतं डोकं हलवलं.

तिलाही डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं, कोणत्या गोळ्या खाता ते विचारलं. शेतात बाटली घेऊन जा, पाणी प्या, म्हणाले. रोज झोपायच्या आधी भिंतीला दोन्ही हात लावा, एक पाय मागं, टाच जमिनीला, पुढं झुका, वीसपर्यंत मोजा, मग दुसरा पाय. कंपाउंडरनं सगळं ऐकलं. संध्याकाळी पारावर बातमी होतीच. हसलं कोणी नाही. बातमीत आता पायातल्या गोळ्यांपेक्षा मोठं काहीतरी होतं.

पहाटेची थाप बंद झाली. गोळे कमी झाले, आठवड्यात दोनदा-तीनदा. आले की निकिता अंगठा धरते, आणि विमलताई धरू देते.

रात्री जेवणं आटोपली की ती भिंतीपाशी उभी राहते. दुसरी भिंत आहे हो घरात, कोठीकडची. निकितानं एकदा सुचवलंही. विमलताईनं ऐकलं नाही. याच भिंतीला दोन्ही तळवे लावते, टाच रेटते, मोजायला लागते. पलीकडं सुखीबाई एकटीच असते. महिनाभर तिनं इकडं पाहिलेलं नाही, दळण मागच्या गल्लीनं नेते. भांडी विसळल्याचा आवाज येतो, मग बाज करकरते.

एक, दोन, तीन. अकरा, बारा. पलीकडं सुखीबाई खोकते, आणि विमलताईचं मोजणं चुकतं. तळवे न काढता ती पुन्हा एकपासून सुरू करते.