फुनाफुटीतला फोन

मी इन्फन्ट्रीत हवालदार होतो, रेडिओ ऑपरेटर. शेवटची पोस्टिंग बर्फात होती. सकाळी उठून सेट तपासायचा, वरच्या पोस्टवरच्या लान्स नायक दिनकरशी बोलायचं, मग चहा. रोजचा हाच क्रम.

त्या दुपारी दिनकर वर एकटाच होता. बाकीचे जवान रेशन न्यायला खाली आले होते. सेटवर त्याचा आवाज आला.

"साब, ऊपर बर्फ फट रही है. नीचे आऊं?"

मेजर माझ्याजवळच उभे होते. त्यांनी हँडसेट माझ्या हातून घेतला.

"निगेटिव. पोस्ट मत छोडो. ओव्हर."

"रॉजर, साब."

थोड्याच वेळात पोस्ट बर्फाखाली गाडली गेली.

चौकशीत मेजर म्हणाले, "मी खाली बोलावलं होतं, जवानाने ऐकलं नाही." मी खरं सांगितलं. मेजरपुढे हवालदाराचा शब्द टिकला नाही. दिनकर स्वतःच्या हट्टाने मेला, असंच गावात पसरलं. त्याची बायको, सुमनवहिनी, मान खाली घालून वावरत राहिल्या.

रिटायर झाल्यावर मी जर्मनीत हायडेलबर्गला मुलीकडे आलो. मंजिरी समुद्रकिनाऱ्यांवर संशोधन करते. एकदा तिची लॅपटॉपवर मीटिंग चालू होती. एक आवाज ऐकून मी हातातला कप खाली ठेवला. तेच मेजर. तुवालू नावाच्या पॅसिफिकमधल्या चिमुकल्या देशात बंधाऱ्याच्या साइटवर ते सिक्युरिटी बघत होते.

"मला तिथे जायचंय."

"आल्झो... म्हणजे बाबा, तिथे जाऊन करणार काय?"

"त्याच्यासमोर उभा राहणार."

दिनकरचं सगळं मंजिरीला ठाऊक होतं. तिने तिकीट काढून दिलं.

फ्रँकफर्टहून सिंगापूर, पुढे फिजी, तिथून छोटं विमान. मी झोपलो नाही. त्या माणसाला कुठे मारायचं, एवढंच डोक्यात होतं. खाली नुसतं पाणी होतं, मग एक बारीक पट्टी दिसली. तेच फुनाफुटी, तुवालूची राजधानी. उतरलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समुद्र. पळायला जागा नाही. पुढचं विमान दोन दिवसांनी. बरं वाटलं.

मेजर साइट ऑफिसात एकटेच होते.

"हवालदार? तुम यहां?"

मी दार लावून घेतलं. मुठी वळल्या होत्या. पण मारून वहिनींच्या पदरात काय पडणार? मी वहिनींना फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"वहिनी, मेजर साहेब आहेत. ऐका." मग मेजरकडे वळलो. "उस दिन सेट पर क्या हुआ, बोलिए."

"पुरानी बात है."

"बोलिए. मैं यहीं खडा हूं."

ते खुर्चीत बसले. "उसने नीचे आने को पूछा था. मैंने मना किया. इन्क्वायरी में झूठ बोला. माफ कर दीजिए."

वहिनी म्हणाल्या, "थांबा. सासूबाईंना बोलावते. दिरांना पण. त्यांच्यापुढं परत बोला."

मेजर परत बोलले. बोलताना त्यांचा आवाज फुटला. मला दया आली नाही. आजही येत नाही.

दिनकरला आम्ही बर्फातून काढला, तेव्हा हँडसेट त्याच्या कानाशी होता. पोस्ट सोडायचा हुकूम येईल म्हणून तो ऐकत बसला होता.