हात चालू हाय तवर

"आवं म्याडम, घाई न्हाई. भरली कळशी उतरवल्यागत हात सोडा." बरोबर अकराला आमच्या मेजरांचं सुरू व्हायचं. खुर्चीत ताठ बसायचं, पाय फरशीला टेकवायचे आणि दोन्ही हात सावकाश पुढे ढकलून सावकाश मागे आणायचे. ताय-ची म्हणे, चिनी लोकांचा व्यायाम!

वडूजच्या आमच्या कचेरीत ते कंत्राटावर आवक-जावकचं टेबल सांभाळायचे. लष्करातून आलेल्या माणसाला आमच्याकडे मेजरच म्हणतात, हुद्दा कोणी विचारत नाही. ही विद्या कुठून आणली, तर एकदा म्हणाले, "सरहद्दीवर पलीकडचे करायचे, मी दुर्बिणीतनं बघून शिकलो." पुढच्या आठवड्यात म्हणाले, "नातीनं मोबाइलवर दावलं." खरं काय, देव जाणे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

माझी मान कायम धरलेली, म्हणून मी मुकाट्यानं करू लागले. हळूहळू सगळी कचेरी करू लागली. एकदा एक आजोबा अर्ज घेऊन आले. आम्ही हात पुढे ढकलले, तर बिचारे मागे सरकले. हात मागे ओढले, तर पुढे आले. तिसऱ्यांदा ते भडकले, "आरं, या म्हंताय का जा म्हंताय? एक काय ते ठरवा की!" मेजरांनी त्यांना खुर्ची दिली आणि त्यांनाही शिकवलं. आजोबा खुशीत घरी गेले, अर्ज माझ्या टेबलावर तसाच.

पण हे अकरालाच का? साहेबांची फेरी नेमकी तेव्हाच, कामात दिसायची वेळ. विचारलं की मेजर म्हणायचे, "तवाच अंग आखडतं." मला काही हे पटायचं नाही.

एका दुपारी मी डबा धुऊन लवकर परत आले. मेजर एकटेच होते. उजवा हात टेबलावर नुसता ठेवलेला, आणि तो थरथरत होता. शेजारी ठेवलेला शिक्का टकटक वाजत होता. मला बघून त्यांनी हात उचलून सावकाश पुढे नेला. थरथर थांबली.

"हात चालू हाय तवर आपला हाय," ते म्हणाले. "ठिवला की ऐकत न्हाई. सायबानं बघितलं तर कंत्राट वाढवायचा न्हाई. घरी बायको न्हाई आता. दिसभर ह्या हाताकडं बघत बसू व्हय?"

म्हणजे आमच्या एवढ्या हातांत एक हात लपवायचा होता! मला राग आला, मग त्या रागाची लाज वाटली. माझी मान तर खरंच मोकळी झाली होती. काय समजायचं माणसानं? मी कोणाला बोलले नाही.

मुदतवाढीचा कागद आला. सही साहेबांसमोर करायची होती. मेजरांनी पेन धरलं, हात दोनदा हवेत पुढे-मागे नेला. मी माझ्या खुर्चीत हात ढकलू लागले, मग बाकीचेही. साहेब आमच्याकडे बघतच राहिले. पेन कागदाला टेकलं आणि सही रेघ सोडून खाली घसरत गेली.

"मेजर, तब्येत सांभाळा," साहेब हळू आवाजात म्हणाले आणि कागद परत घेतला.

आता तिथे दुसरे गृहस्थ बसतात. अकरा वाजतात, साहेब फेरीला येतात आणि आमचे हात आपोआप वर जातात. लपवायला आता कोणाचा हात नाही, तरी अकरालाच. का, ते कोणालाच सांगता येत नाही. साहेबही विचारत नाहीत. काल तर ते मेजरांच्या टेबलापाशी थांबले, आणि उभ्या उभ्या त्यांनीही एक हात सावकाश पुढे ढकलला.