पितृपक्षात रोवलेले खांब

ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दुर्वा निवडत बसले होते. कळव्याला जाण्याआधी तोडून ठेवलेल्या, त्यातल्या निम्म्या पिवळ्या पडलेल्या. मंगळवार होता. गणपतीची जुडी पुरी होईना, म्हणून ताज्या आणायला मागच्या अंगणात गेले. पण दुर्वांपर्यंत पोचलेच नाही. मध्ये सिमेंटचे खांब उभे होते आणि त्यांना नवीकोरी काटेरी तार. माझ्या दुर्वा तारेच्या पलीकडे, नंदाच्या अंगणात.

टिटवाळ्यात आमचं आणि नंदाचं बैठं घर लागून लागून आहे. नंदा संगमेश्वराकडची. नवी नवी इथे आली तेव्हा परसातल्या गवतातून चालायला सापाच्या भीतीने घाबरायची, काठी आपटत यायची. तिचा नवरा सहदेव आंबिवलीला कारखान्यात होता. कारखाना बंद पडला, पण नंदा रडत बसली नाही. पोह्याचे पापड, कुळथाचं पीठ, आमसुलं, सगळं पिशवीत घालून विकायला इमारती चढली. बोलायला फटकळ. भजनात माझा आवाज वर गेला की टाळ थांबवून म्हणायची, "वहिनी, देव बहिरा नाय हो." पण ह्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा न बोलावता उशी काखेत मारून माझ्याकडे झोपायला आली. वर म्हणाली, "तुमच्यासाठी नाय आले. माझ्याकडचा पंखा बिघडलाय." पंखा चांगला चालत होता.

हद्दीवर सहदेव आणि आमचे हे, दोघांनी मिळून एक काळा दगड पुरला होता, नारळ फोडून. दर पाडव्याला आम्ही दोघी त्याला हळदकुंकू लावायचो. नंदा म्हणायची, "हा जागेवर आहे तोवर आपल्यात भांडण नाय." दगडाच्या रेषेत तिने बांबूंचं कुंपण घातलं. कुंपण तिचं. त्याच्या अलीकडे माझ्या दुर्वा आणि जास्वंद.

सहदेव गेला, मुलगा साईनाथ मोठा झाला. यंदा अनंत चतुर्दशीच्या वाऱ्यात तिचा शेवगा कुंपणावर आडवा झाला आणि बांबू मोडले. लगेच गवंडी बोलवू या, मी म्हटलं. नंदाच म्हणाली, "पक्ष लागतोय वहिनी. पितरांच्या दिवसांत खांब रोवायचा नसतो. घट बसले की करू." मला तिचं कौतुक वाटलं. ह्यांनी मला बजावलं होतं, "साईनाथ बिल्डरशी बोलतोय म्हणे. कुंपण आधी उभं करून घे." मीच ह्यांना गप्प केलं. नंदावर कसला संशय घ्यायचा?

अविधवा नवमीला सासूबाईंचं श्राद्ध थोरल्या दिरांकडे कळव्याला असतं. आम्ही मुक्कामाला जातो, हे नंदाला ठाऊक. घराची चावी मी तिच्याच हातात दिली, तुळशीला पाणी घालायला. काल परतलो तेव्हा अंधार पडला होता, मागे काही दिसलं नाही.

तारेपलीकडे नंदा भांडी घासत होती.

"नंदा, हे कधी झालं?"

"पोरांनी केलं काल-परवा. साईनाथनं माणसं आणलेली."

"पक्षात?"

ती कढई घासत राहिली. "आताची पोरं कुठे मानतात."

"तू मानतेस ना. आणि आपला दगड कुठाय?"

"कुठला?" म्हणाली, पण नजर गेलीच. मोरीबाहेर पाण्याचं पिंप होतं. ते हलू नये म्हणून खाली दगड सरकवला होता. एका अंगाला जुनं कुंकू अजून लाल होतं.

नंदाच बोलली, "नव्या इमारतीला गाडी आत यायला वाट कमी पडते, वहिनी. तो म्हणतो काकांना एवढ्या जागेचं काय करायचंय. मला त्याच्याकडेच राहायचंय ना आता. कुठे जाऊ मी?"

"मग मला तसं सांगायचंस. आम्ही कळव्याला कधी जातो हे साईनाथला कुणी सांगितलं?"

नळ चालूच होता. तिने बंद केला, हात पदराला पुसले. मग अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "दुर्वा लागतील तेव्हा या की. फाटक उघडंच असतं. तोडून देऊ का आता?"

माझ्याच दुर्वा. मी मान हलवून नको म्हटलं. चावी मागितली. तिने कंबरेची काढून तारेतून दिली. तारेला हात लागू नये म्हणून जपून दिली, जशी पूर्वी बांबूंतून गरम आमटीची वाटी द्यायची.

आत येताना तुळशीपाशी थांबले. माती ओली होती. न चुकता पाणी घातलं होतं तिने. खांब रोवायला माणसं बोलावली त्याही दिवशी घातलं असणार. मला याचंच जास्त लागलं. तुळस सुकली असती तर रागावणं तरी सोपं गेलं असतं.

बाप्पाला आज जास्वंदही नव्हतं. ते झाडही पलीकडेच गेलंय. पिवळ्या दुर्वाच वाहिल्या आणि हात जोडले. काय मागायचं ते सुचलं नाही. नंदाचं वाईट व्हावं असं मागवेना, आणि चांगलं मागायला मन होईना.

हे म्हणाले, "पुन्हा एकदा बोलून बघतेस का तिच्याशी?"

मी म्हटलं, "बोलून झालं."

देवघरातला दिवा शांत झाला की कल्याणला जायचंय, जमिनीच्या मोजणीचा अर्ज द्यायला.