सान्यालबाबूंच्या भिंतीलगतचा कॅम्प

त्या दिवशी सकाळी बराकपूरला असं दाट धुकं पडलं होतं की हातातल्या चहाची वाफ कुठली आणि धुकं कुठलं, कळेना. पौषातली थंडी. बोचरी नव्हे, पण ओलसर, नदीवरून येऊन कानात शिरणारी. त्यामुळे सगळी पोरं माकडटोप्यांत! नुसते डोळे दिसायचे. कुठलं पोर कुठलं ते ओळखायला आधी त्याला बोलतं करावं लागायचं.

कॅम्पाच्या मदतीला येणारा आमचा रोहन आयटीतला, सॉल्ट लेकच्या ऑफिसात बसणारा. त्याने ट्रेनमध्ये सियालदहपासून पोरांना सांगून ठेवलेलं, "उतरलो की बघा हं, गंगा! केवढी मोठी!" पोरांना तो काठावर घेऊन गेला, तर समोर नुसतं पांढरं. बापी नावाचा आमचा एक पोरगा, बालीगंजच्या रेल्वेलाइनलगतच्या झोपड्यांतला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "एवढी मोठी, आणि लपून बसली!"

असे किस्से किती म्हणून सांगू? दर वर्षी वाटतं, आता पुरे झाले. पण गोधडी शिवताना चिंध्या कशा आपोआप जमत जातात, तसे हे जमतात. टाकवत नाहीत. म्हणून म्हटलं, आठवतात तेवढे लिहून ठेवावे. मी शाळेत गेलेलो नाही. अक्षरं लग्नानंतर बायकोने गिरवून घेतली. काना-मात्रा चुकली तर सांभाळून घ्या.

* * *

आधी थोडं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मी गार्डन रीचला एका छोट्या कारखान्यात बोटींचे दोर ओढण्यात उमर घालवली. मूळचा कोकणातला, इथेच रुजलो. इथली आपली मराठी माणसं बहुतेक बदलीवाली. कुणी बँकेत, कुणी केंद्र सरकारात. ती येतात, जीव लावतात आणि बदली झाली की जातात. गरिबांच्या पोरांसाठी हिवाळ्यात चार दिवस मोकळ्यावरचा कॅम्प काढायचा, ही कल्पना अशाच एका बाईंची. त्या कधीच नागपूरला गेल्या. त्यांनी दुसरीकडे सोपवला, दुसरीने तिसरीकडे. प्रत्येक वेळी नवीन बाईंच्या घरी मोठी पातेली पोचवायला मीच. आता मेधाताई बघतात, त्या बँकेत आहेत. मी सगळ्यांचा आबा, पोरांचा दादू.

जागा बालीगंजच्या एका मालकीणबाईंची, नदीकाठची पडीक बाग. फुकट देतात, देव त्यांचं भलं करो. अट एकच: "शेजारच्या सान्यालबाबूंची तक्रार यायला नको. ते नको म्हणाले, की कॅम्प बंद."

सान्यालबाबू म्हणजे रिटायर मास्तर. भिंतीपलीकडच्या मोठ्या घरात एकटे. पहिल्याच दिवशी भिंतीवरून डोकं वर काढून म्हणाले, "किती वाजता गप्प होतात ही?"

त्यातून मेधाताईंची यंदा पुण्याला ट्रान्सफर आलेली. जागा राहिली, तर पुढची बाई कॅम्प उचलून धरेल. जागाच गेली, तर नव्या माणसाने सुरुवात कुठून करायची? म्हणून यंदा मेधाताई उठता-बसता मला सांगत, "आबा, काही करा, पण सान्यालबाबूंना सांभाळा."

मी सांभाळणार कोण! पोरांना कुणी सांगायचं?

* * *

धुकं उठल्यावर नदी दिसली. पोरं हरखली. सलमा तेवढी कमरेवर हात ठेवून उभी. ती गार्डन रीचची.

"हीच ना?" ती म्हणाली. "ही तर रोज आमच्या दारावरून जाते!"

रोहनने समजावलं, की इथलंच पाणी पुढे वाहत तुमच्याकडे येतं. सलमाने जरा विचार केला आणि पायातली एक चप्पल काढून दिली सोडून पाण्यात! घरी आपल्या आधी पोचते का, ते बघायला. रोहन घाबरला. नवी चप्पल, आईला काय सांगायचं? त्याने फोन लावला, माफी मागितली, सगळं सविस्तर सांगितलं.

पलीकडून आई शांतपणे म्हणाली, "तिला सांगा, दुसरी पण सोड. एका चपलेचं मी काय करू?"

* * *

टेंट आणले होते भाड्याने, निळे-पिवळे, झिप लावायचे. मेधाताईंनी एका टेंटमध्ये चौघं अशी वाटणी केली. कोण कुणाबरोबर, यावरून भांडणं नकोत म्हणून चिठ्ठ्या काढल्या.

सकाळी मी चहा घेऊन गेलो, तर पहिला टेंट रिकामा. दुसरा रिकामा. तिसराही रिकामा. चौथ्याची झिप ओढली, तर आतून आधी एक पाय बाहेर आला, मग दुसऱ्याच कुणाचा तरी हात. सगळे मुलगे एकाच टेंटमध्ये, वाळलेले पापड एकावर एक रचावेत तसे! पलीकडे मुलींचंही तेच.

"अरे, एवढे टेंट कशाला आणले मग?" मी विचारलं.

बापीने ढिगाखालून डोकं काढलं. "दादू, तिकडे फार जागा आहे. झोपेत माणूस हरवेल!"

* * *

दुपारी जेवणानंतर एक तास सगळ्यांनी पडायचं, हा नियम मुद्दाम सान्यालबाबूंसाठी. त्यांचीही ती झोपायची वेळ. पहिल्या दुपारी पोरं सतरंजीवर शहाण्यासारखी पडली. पण झोप कुणालाच येईना. या कुशीवरून त्या कुशीवर.

"काय झालं रे?"

"गाडीच जात नाही," बापी म्हणाला.

मला उमगायला वेळ लागला. बहुतेकांची घरं लाइनीला खेटून. जन्मापासून दर पाच-दहा मिनिटांनी उशाशी गाडी. इथे बागेत सगळं चिडीचूप, तर पोरं बेचैन!

मग त्यांनीच उपाय काढला. एकाने तोंडाने गाडी सुरू केली. हळूहळू सगळ्यांनी धरली. खडाक-खडाक, खडाक-खडाक. बापी मध्येच नाकातून पुकारा करायचा, "बालीगंऽऽज! ढाकुरियाऽऽ!" आणि खरंच सांगतो, सोनारपूर यायच्या आत सगळी पोरं गाढ!

जागे राहिलो दोघेच. एक मी, दुसरे भिंतीवरून डोकं काढलेले सान्यालबाबू.

"दादा," ते मला म्हणाले, "या लाइनवर दुपारचा ब्लॉक घेता येईल का?"

मी हात जोडले. ते हसले नाहीत. मेधाताईंना मी हे सांगितलं नाही.

* * *

नाश्त्याला उकडलेली अंडी. प्रत्येकाच्या ताटलीत एक. बाकीची पोरं खायला लागली, बापी आपला ताटलीपुढे बसून.

"खा ना रे," मेधाताई म्हणाल्या.

"दोरा द्या ना."

मेधाताईंना वाटलं, पोराची चड्डी उसवली. धावत जाऊन सुईदोऱ्याची डबी आणली आणि त्याला उभं करून मागून-पुढून बघायला लागल्या! बापी लाजेने लाल.

मी त्याला विचारलं. तर म्हणे, घरी अंडं असलं की आई दोऱ्याने मधोमध कापते. अर्धं याला, अर्धं बहिणीला. सुरीने कापलं की पिवळं सुरीला लागून वाया जातं.

"इथे कापायचं नाही बाळा," मी म्हटलं, "अख्खं तुझं."

"मग दुसरा अर्धा कुणाचा?"

"तोही तुझाच."

बापीने अंड्याकडे नीट बघितलं. "मग दोरा द्याच. दोनदा खातो!"

मेधाताईंनी दोरा दिला आणि पातेल्याकडे तोंड करून बराच वेळ पातेलं पुसत बसल्या. पातेलं आधीच स्वच्छ होतं. दुसऱ्या दिवसापासून नाश्त्याच्या टेबलावर मीठ, मिरपूड आणि दोऱ्याचं रीळ. अख्ख्या कॅम्पने अंडी दोऱ्यानेच कापून खाल्ली, रोहनने सुद्धा!

* * *

आता बोरांचं.

तिसऱ्या दिवशी संक्रांत. मेधाताई म्हणाल्या, "आबा, आपण या पोरांचं बोरनहाण करू या! बिचाऱ्यांचं कुणी केलं असेल?" मला फार आवडलं. आपल्याकडे लहान मुलांचं करतात, ही जरा थोराड होती, पण कौतुकाला काय वय! चुरमुरे, रेवड्या, उसाचे करवे, हरभरे सगळं जमलं. राहिली बोरं. सान्यालबाबूंच्या बोरीच्या फांद्या भिंतीवरून आमच्याकडे वाकलेल्या, खाली बोरांचा सडा. रोहनने सकाळीच घमेलंभर वेचली.

पोरांना गोल बसवलं. मेधाताईंनी काळी साडी नेसलेली. "आता डोक्यावरून ओतणार हं, पडलं की लुटायचं!" असं सांगून त्यांनी ओतलं.

आणि कुणी हलेना!

आपल्याकडे अशा वेळी पोरं एकमेकांच्या अंगावर पडतात. इथे सगळ्यांनी हात पाठीमागे बांधून घेतलेले. डोळे विस्फारलेले. रेवड्यांनाही कुणी हात लावेना, कारण त्या बोरांत मिसळलेल्या! आणि टुकटुकी नावाची चौथीतली मुलगी, ती वर बघून हसत होती, तिच्या उघड्या तोंडात नेमकं एक बोर पडलं, आणि ते तिने सवयीने चावलं. पुढच्या क्षणी तिने असं भोकाड पसरलं!

"मी नापाऽऽस! माझं गणित आधीच कच्चं आहे!"

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. इथल्या पोरांचा पक्का नेम असतो: सरस्वतीपूजा झाल्याशिवाय बोर खायचं नाही. खाल्लं, तर देवी कोपते आणि परीक्षेत भोपळा. मी एवढी वर्षं इथे काढली, हे मला ठाऊक होतं. पण संक्रांतीच्या हौसेत आठवलं कुणाला!

सलमा तेवढी उठली आणि ओटी भरभरून बोरं गोळा करायला लागली.

"तुला भीती नाही वाटत?" कुणीतरी विचारलं.

"सरस्वतीच्या हजेरीत माझं नावच नाही!"

मी टुकटुकीची समजूत घालायला पुढे झालो. "रडू नको गं. आमच्या गावाला सगळी खातात. मी तर लहानपणी पूजेआधी पोतंभर खाल्ली असतील."

बापीने माझ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाला, "दादू, तुम्ही शाळा शिकला नाहीत ना?"

"नाही रे."

"बघा. म्हणूनच!"

टुकटुकी दुप्पट रडायला लागली.

* * *

त्या रडण्याने सान्यालबाबू आले. भिंतीवरून नव्हे, या खेपेला फाटकातून, शाल गुंडाळून, काठी टेकत. घमेलं बघितलं, जमीन बघितली.

"ही माझ्या झाडाची?"

"खाली पडलेली वेचली," रोहन चाचरत म्हणाला.

"न विचारता. आणि पूजेआधी, लेकरांच्या डोक्यावर!" त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "मी आजच मालकीणबाईंना फोन करतो."

मेधाताईंनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात टुकटुकी उठून थेट त्यांच्यापाशी गेली. तिला कुणीतरी सांगितलेलं, की हे शाळेचे मास्तर होते.

"मास्टारमोशाय," तिने हुंदके देत विचारलं, "मी नापास होणार?"

इतका वेळ सान्यालबाबू तिच्याकडे बघत उभे राहिले, की मला वाटलं, आता ते 'हो' म्हणतील. नेमाचा माणूस!

त्यांनी वाकून, काठीवर भार देऊन, जमिनीवरचं एक बोर उचललं. शालीला पुसलं. तोंडात टाकलं. सावकाश चावलं, बी तळहातावर काढली.

"बघ," ते टुकटुकीला म्हणाले. "आता आपण दोघं एकाच वर्गात."

आणि काठी टेकत निघून गेले. मागे सलमाचा आवाज, "मास्टारमोशाय पण गेले कामातून!" टुकटुकी रडता रडता हसली. नंतर दिवसभर त्यांचं डोकं काही भिंतीवर आलं नाही. फोन केला की नाही, विचारायची हिंमत आमच्यात कुणाचीच नव्हती.

* * *

चौथ्या दिवशी पोरं गेली. मेधाताई आणि रोहन त्यांना घेऊन स्टेशनवर निघाले. जाताना मेधाताई बागेकडे वळून वळून बघत होत्या. त्यांचं इथे परत येणं आता होणार नव्हतं, आणि दुसरं कुणी येईल की नाही, तेही कळलेलं नव्हतं.

मी पातेली घासायला मागे राहिलो. पोरं गेल्यावर बाग फार मोठी वाटते. मी राख लावली, घासत बसलो. मनात म्हटलं, जेवढं मिळालं तेवढं काय कमी? माझ्यासारख्या अडाण्याला एवढ्या पोरांनी दादू म्हटलं. पुढचं देव बघेल.

तेवढ्यात भिंतीपलीकडून ठोकायचा आवाज. ठक्, ठक्. बघतो तर सान्यालबाबू आणि एक गवंडी. खाली सिमेंटची गोणी. भिंतीवर खडूने रेघा मारलेल्या.

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. भिंत वाढवताहेत! म्हणजे फोन झाला. म्हणजे संपलं. मी उठून जवळ गेलो, हात जोडले. म्हटलं, "बाबू, पोरांनी त्रास दिला, माफ करा. किती उंच करणार आहात?"

सान्यालबाबूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"उंच कशाला? भिंतीत दार पाडतोय," ते म्हणाले. "आणि दादा, याला कडी लावायची नाही, हे तुम्हीच या गवंड्याला समजावा. पोरं आली की दर वेळी उठून उघडायला मला जमायचं नाही."