अर्ध्या तासाची घाई

पेटीमावशीने आयुष्यभर ओझी वाहिली. वीस वर्षं धान्याच्या गोदामात पोती, आणि त्यानंतर आरोग्य केंद्रात लशीची पेटी. पोतं परवडलं, असं ती म्हणायची. पाठ मोडतं, पण रुसत नाही. पेटी जेमतेम पाच किलोची, पण नखरे नव्या नवरीचे. उन्हात ठेवायची नाही, आपटायची नाही, वाटेत उघडायची नाही.

नदीपलीकडच्या वस्तीत साथीच्या दोन वर्षांत लस घेऊन कोणी गेलं नव्हतं. साथ सरली आणि गोळीबार सुरू झाला. आता पूल फक्त गुरुवारी उघडायचा. या काळात जन्मलेल्या पोरांना एकही सुई लागलेली नव्हती. गेल्या महिन्यात घटसर्पाने घसा बंद होऊन तिथली एक मुलगी गेली. तेव्हापासून मावशी तीन गुरुवार दारोदार फिरली. काही बायांनी दार लावलं, काहींनी चहा दिला आणि नाही म्हटलं. शिंपीण सगळ्यात चिवट. मशीन न थांबवता म्हणाली, "गोळीवर लस आहे का तुझ्याकडे? ती आण आधी." तिचा मुलगा दीड वर्षाचा. तिसऱ्या खेपेला तीही तयार झाली. एकूण त्रेचाळीस पोरं ठरली.

चौथ्या गुरुवारी सकाळीच निरोप आला. पूल आज दहाला नाही, आठला उघडणार आणि बाराला बंद.

फ्रीजरमधले आइसपॅक लगेच पेटीत भरायचे नसतात. अर्धा तास टेबलावर ठेवायचे. त्यांना घाम सुटला, हलवल्यावर आत पाणी खुळखुळलं, की मग भरायचे. कडक बर्फाशेजारी लस गोठते. गोवराची लस तेवढं सोसते. घटसर्पाची गोठली की मेली. नव्या माणसांना हे मावशीच शिकवायची. त्या दिवशी साडेसात वाजले होते, लस टोचणारी सिस्टर दारात उभी होती. मावशीने पॅक दगडासारखेच भरले आणि पेटी खांद्याला लावली.

पुलावरच्या शिपायाने पेटी हातात घेतली. "काय मावशी, आइस्क्रीम विकायला निघालीस?"

"तुझ्या पगारात बसायचं नाही."

त्याने हसत पेटी कानाशी नेऊन हलवली. "आत काहीच वाजत नाही गं."

म्हणजे पॅक अजून दगडच होते. मावशीने पेटी परत खांद्याला लावली आणि पूल ओलांडला. परत फिरावं तर पूल पुन्हा ओलांडू देतील याचा भरवसा नव्हता, आणि पलीकडे बाया येऊन बसलेल्या.

शाळेच्या एकाच शाबूत खोलीत त्या पोरं मांडीवर घेऊन भिंतीला टेकल्या होत्या. शिंपीण सगळ्यात पुढे. मावशी गप्प राहिली असती तर काही बिघडलेलं दिसलं नसतं. सुई टोचली जाईल, पोर रडेल, कार्डावर खूण होईल. लस अपाय करणार नव्हती. काहीच करणार नव्हती. आणि आई मात्र निर्धास्त होईल.

तिने सिस्टरला दाराबाहेर नेलं. "पॅक कडक भरलेत मी."

सिस्टर तिच्याकडे बघतच राहिली. "मावशी, तुम्ही?"

"मीच."

सिस्टरने घटसर्पाची एक बाटली जोरात हलवली आणि खिडकीत उभी ठेवली. अर्ध्या तासाने तळाशी पांढरा चुरा बसला, वर नितळ पाणी, म्हणजे गोठून गेलेली. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्या तशाच.

"गोवराची देते," सिस्टर म्हणाली. "बाकीचं तुम्ही सांगा. मला धीर नाही."

मावशीने सांगितलं. चूक कोणाची तेही सांगितलं. खोलीत एकच गलका झाला. शिंपीण उठली. "इतक्या चकरा मारल्यास त्या हे सांगायला?" मुलाला उचलून ती गोवराचीही न घेता गेली.

पुढच्या गुरुवारी मावशी पहाटेच केंद्रात जाऊन पॅकसमोर बसली. पूल दहाला उघडला. शाळेत एकोणतीस पोरं आली. दोन वाजता मावशी सिस्टरला घेऊन उरलेल्या चौदा दारांकडे निघाली. शिंपिणीचं दार पहिलं.

दार बंद, खिडकी उघडी, मशीन चालू.

"आज नीट आणलीय," मावशी म्हणाली.

"एकदा चुकलीस ते बोललीस. न बोलता किती वेळा चुकली असशील?"

"एकदाही नाही."

"कशावरून?"

मावशी पायरीवर बसली. "पटत नसेल तर राहू दे. पण पोर तुझं आहे, राग माझ्यावर आहे. दोन्ही एका दोऱ्याने शिवू नकोस."

सिस्टर घड्याळ बघत होती. मशीन थांबलं.

"ताप येतो का याने?"

"येतो. एक दिवस किरकिर करेल."

कडी निघाली. सिस्टरने मांडीत घटसर्पाची दिली, दंडात गोवराची. पोराने घर डोक्यावर घेतलं. शिंपिणीने त्याला खांद्यावर टाकलं. "झालं ना?"

"घटसर्पाच्या अजून दोन. चार चार आठवड्यांनी."

"म्हणजे अजून दोनदा तुझं तोंड बघायचं."

"मलाही हौस नाही गं, बाई," मावशी म्हणाली, आणि भिंतीचा आधार घेऊन उठली. तेरा दारं राहिली होती, आणि पूल चारला बंद होणार होता.