कोपऱ्यातली नळी

पट्टीमावशी म्हटलं की नव्या माणसाला वाटतं, ही बाई दवाखान्यात जखमा बांधत असेल, नाहीतर शाळेत पोरांच्या हातावर पट्ट्या ओढत असेल. दोन्ही खोटं. चर्चची झाडलोट, फुलदाण्यांचं पाणी बदलणं, गळलेलं मेण खरवडणं, बाकांच्या पाठी तेलाच्या फडक्याने पुसणं हे तिचं पगारी काम. आणि वर्षातून एकदा ऑर्गन सुरात लावायला माणूस आला की त्याच्यासाठी एकेक पट्टी दाबून धरणं हे बिनपगारी. नाव पडलं ते बिनपगारी कामावरून. जगाची रीतच तशी.

पट्टी दाबणं कुणालाही जमेल असं वाटतं आणि तिथंच माणूस फसतो. ऑर्गन म्हणजे दोन मजली कपाट. आत हजारावर नळ्या. काही पेन्सिलीएवढ्या, काही आत माणूस उभा राहील एवढ्या. सूर लावणारा त्या जंगलात शिरतो तो दिसेनासाच होतो. बाहेर बसलेल्याने पट्टी दाबायची, आतून ‘पुढची’ असं आलं की पुढची दाबायची. खोकायचं नाही, कंटाळायचं नाही, आणि मुख्य म्हणजे शहाणपणा करायचा नाही. एकदा ऑर्गन वाजवणाऱ्या मास्तरांनी हौसेने हे काम अंगावर घेतलं आणि अर्ध्या तासात ते आपलीच एक चाल वाजवायला लागले. आतल्या माणसाने जे काही म्हटलं ते लाकडामुळे बाहेर नीट ऐकू आलं नाही, हे देवाच्या घरावर उपकारच झाले.

यंदा त्या ऑर्गनच्या पुनर्बांधणीला पंचवीस वर्षं झाली. चर्चच्या कमिटीचे चिटणीस हे उत्साही गृहस्थ. कुठल्याही गोष्टीला पंचवीस वर्षं झाली की त्यांना राहवत नाही. त्यांनी पाच शनिवार, पाच मैफली अशी मालिका जाहीर केली. चार बाहेरचे वादक, पाचव्या मैफलीला आपले मास्तर. कार्यक्रमपत्रिका छापून आली तेव्हा तिचा एक गठ्ठा मावशीच्या हातात देऊन ते म्हणाले, “बाकांवर ठेवायच्या. एकेक. आणि मागचं पान बघा, मावशी.”

मावशीने मागचं पान बघितलं. तिथं ठळक अक्षरांत छापलं होतं की पाचव्या मैफलीला प्रमुख पाहुणे म्हणून ऑर्गन पुन्हा बांधणारे मिस्त्री स्वतः येणार.

“येतो म्हणालेत?”

“आमंत्रण गेलंय. न यायला काय झालं? स्वतःच्या लेकराच्या वाढदिवसाला कोण येत नाही?”

मावशीने पत्रिका ठेवायला घेतल्या. शेवटच्या बाकापर्यंत पोचली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की तीन बाकांवर दोनदोन पडल्यात आणि एक आख्खी रांग कोरडी राहिलीय. अशी चूक तिच्या हातून पूर्वी कधी झाली नव्हती.

घरी भाऊ-वहिनी. लग्न राहिलं ते राहिलंच. आधी आई अंथरुणाला खिळली म्हणून, मग आई गेली तोवर विचारणाऱ्यांना दुसरे विषय मिळाले होते म्हणून. वहिनी जिभेची तिखट पण मनाची मऊ.

“वन्सं,” पहिल्या मैफलीनंतरच्या आठवड्यात ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “निळी साडी धुवायला काढलीत ती कुठल्या आनंदात?”

“मैफली आहेत चर्चमध्ये.”

“पहिल्या मैफलीला करडी नेसलात. ती निळी पाचव्यासाठी राखलेली दिसतेय.”

“तू भाजी निवड.”

“निवडतेच आहे. तुमच्यासारखं एकच पान पंचवीस वर्षं हातात धरून नाही बसले.”

वहिनीला सगळं ठाऊक होतं असं नाही. पण बायकांना अर्धं ठाऊक असलं की पुरतं.

झालं होतं ते असं. मिस्त्री चार माणसं घेऊन आला आणि अकरा महिने राहिला. जुना ऑर्गन उंदरांनी आणि दमटपणाने खाल्ला होता. त्याने तो खिळ्याखिळ्याने उतरवला, भात्याचं कातडं बदललं, फुटलेल्या नळ्या नव्याने केल्या. शेवटचे अडीच महिने सूर लावण्याचे. मदतीला आलेली माणसं सुतारकामाची, त्यांना पट्टीवर बसवलं की पेंगायची. झाडू घेऊन बाजूला उभ्या असलेल्या चौतिशीच्या बाईला मिस्त्रीने विचारलं, “बाई, तुम्हाला न बोलता बसता येतं का?”

“येतं. पण आवडत नाही.”

“मग बसा.”

अडीच महिने ती बाहेर आणि तो आत. आधी नुसतं ‘पुढची’. मग दोन ‘पुढची’च्या मध्ये एखादा प्रश्न. आज जेवणात काय होतं. आईला झोप लागली का. तुमचा आवाज आज बसलेला का. माणूस समोर असला की आपण त्याच्या तोंडाकडे बघून बोलतो आणि अर्धं गिळतो. इथं समोर नुसतं लाकूड. लाकडाला काय लाजायचं? आयुष्यात कुणालाच न सांगितलेलं बरंच काही त्या दोघांनी लाकडाला सांगितलं. संध्याकाळी तो धुळीने माखून बाहेर यायचा तेव्हा मात्र दोघं एकमेकांशी हवापाण्याचं बोलायची.

शेवटच्या दिवशी एकच नळी राहिली. वरच्या कोपऱ्यात जागा पुरली नाही म्हणून रांगेपासून वेगळी उभी केलेली, लाकडी, मंद आवाजाची. अशा नळीच्या डोक्यात एक दट्ट्या असतो. तो आत ठोकला की सूर चढतो, बाहेर ओढला की उतरतो. मावशीने पट्टी दाबली. सोबतीला त्याच सुराची दुसरी नळी वाजत होती. दोन सूर जुळले नसले की हवेत एक लाट उठते, आवाज फुगतो, ओसरतो, पुन्हा फुगतो. ती लाट येत राहिली.

आतून ठोकण्याचा आवाज आला नाही.

“लागली नाही अजून,” मावशी म्हणाली.

“ठाऊक आहे. राहू दे.”

“राहू दे म्हणजे?”

“केसभर उतरलीय. कुणाच्या लक्षात यायची नाही. पुढच्या वर्षी येऊन लावतो. यायला काही निमित्त नको का?”

“काम अर्धवट टाकून जायचं?”

“टाकून नाही. राखून.” मग म्हणाला, “दुसऱ्या कुणाला लावू देऊ नका.”

पुढच्या वर्षी त्याच्या पेढीने दुसऱ्याच माणसाला पाठवलं. मिस्त्रीला लांब कुठंतरी मोठं काम मिळालं होतं म्हणे. त्या वर्षी मावशीने सरळ सांगितलं, “कोपऱ्यातली मिस्त्री स्वतः येऊन लावणार आहेत.” त्याच्या पुढच्या वर्षीही सांगितलं. तिसऱ्या वर्षी लावणारा हसला. त्या दिवशी मावशीने अक्कल चालवली. आतून ‘कोपऱ्यातली?’ असं आलं की ती त्या नळीच्या रांगेला हवा सोडणारी खुंटी आत ढकलायची, शेजारच्या रांगेची ओढायची आणि तीच पट्टी दाबायची. वाजायची दुसरी, सुरात लागलेली. कोपऱ्यातल्या नळीला पोचायला वीतभर रुंदीच्या फळीवरून जाऊन शिडी चढावी लागते, त्यामुळे खालूनच ‘झकास, पुढची’ म्हणायला सगळेच तयार असत. आताचा लावणारा तर देहाने पैलवान. त्याला त्या शिडीचं नाव काढलं तरी घाम फुटायचा.

मास्तर काही बोलले नाहीत. वाजवताना ते तो सूर त्या खुंटीवर घेत नसत. तुटकी पायरी ठाऊक असलेला माणूस अंधारातही ती ओलांडतो, तसे ओलांडून जायचे. आणि मावशी आठवड्यातून एकदा, पट्ट्या पुसायच्या निमित्ताने, भात्याची मोटर सुरू करून दोन्ही खुंट्या ओढायची आणि ती लाट ऐकत बसायची. एक लाट जाऊन दुसरी येईपर्यंत तिचा एक श्वास व्हायचा. ती आहे, म्हणजे काम राहिलंय. काम राहिलंय, म्हणजे माणूस यायचाय. हिशेब अगदी सरळ होता.

चार शनिवार गेले. पहिला वादक टाळ्या घेत बसणारा, दुसरी वादक बाई पायातले बूट काढून वाजवणारी, तिसरा आणि चौथा मावशीला नंतर आठवेनात. ती दाराशी मागच्या खुर्चीवर बसायची आणि दार उघडलं की आधी तिची मान वळायची.

पाचव्या शनिवारच्या आधीच्या मंगळवारी ती कचेरीतली कपाटं पुसत होती. चिटणीसांनी पाकीट फोडलं.

“अरेरे,” ते म्हणाले. “मिस्त्री येत नाहीत.”

मावशी फडकं फिरवत राहिली.

“गुडघे गेलेत म्हणतात. ऐकूही कमी येतं. पण पत्र बाकी झकास लिहिलंय. ऐका. ‘आपल्या ऑर्गनचं काम हे माझ्या हातचं सगळ्यात मनाजोगतं काम. मदत करणाऱ्या सर्वांना नमस्कार. एकही नळी न लावता सोडली नाही, एवढं समाधान या वयात पुरतं.’ वा. हे शनिवारी सगळ्यांसमोर वाचतो.”

“शेवटचं पुन्हा वाचा.”

त्यांनी पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदाही तेच निघालं.

“मावशी, ते कपाट पुसून झालंय. मघापासून तिसऱ्यांदा पुसताय.”

पुढचे दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. विसरला असेल, हे एक. ठाऊक असून चारचौघांत मिरवायला लिहिलं असेल, हे दुसरं. आणि तिसरं सगळ्यात वाईट: गावोगावी एकेक नळी उतरवून ठेवायची त्याला खोडच असेल, आणि गावोगावी एकेक खुळी खुंट्या बदलत बसली असेल. या तिसऱ्यावर तिला स्वयंपाकघरात एकदम हसू आलं. वहिनीने वळून बघितलं आणि न मागता चहा ठेवला.

“येत नाहीत का?” कप पुढे करत ती म्हणाली.

“नाही.”

“निळी नेसा तरीही,” वहिनी म्हणाली. “इस्त्री केलीय मी.”

शुक्रवारी पैलवान आला. आत शिरताना त्याने दोनदा श्वास घेतला. दुपारपर्यंत काम सरळ चाललं. मग आतून नेहमीसारखा आशाळभूत आवाज आला, “कोपऱ्यातली?”

मावशीचा हात सवयीने शेजारच्या खुंटीवर गेला होता. शनिवारी चिटणीस ते वाक्य वाचणार. तीनशे माणसं ऐकणार. त्यातल्या एकालाही कळणार नव्हतं, की ते खोटं आहे. तिला कळणार होतं. आणि तो माणूस कसाही असो, त्याने काम कसं केलं हे तिने अडीच महिने कानाने बघितलं होतं. हजार नळ्यांत एक सोडून सगळ्या खऱ्या होत्या. आणि ती एक तिने खोटी ठेवली होती, त्याने नव्हे. तो तर केव्हाच गेला होता.

तिने खुंटी सोडली.

“ही वर चढून बघावी लागेल,” ती म्हणाली.

“का बरं? दरवर्षी झकास असते.”

“दरवर्षी मी दुसरीच वाजवते.”

“किती वर्षं?”

“तुम्ही यायच्या आधीपासून.”

“मावशी,” पैलवान हळूच म्हणाला, “मी तुम्हाला साधी बाई समजत होतो.”

फळी करकरली. शिडी त्याहून जास्त करकरली. मावशीने दोन्ही खुंट्या ओढून पट्टी दाबली आणि लाट आली, तीच, ओळखीची. मग वरून लाकडावर लाकडाचा एक हलका ठोका. लाट लांबली. तिचा एक श्वास होऊन गेला तरी दुसरी आली नाही. दोन श्वासांनी आली. आणखी एक ठोका. मावशीने श्वास घेतला, सोडला, घेतला, सोडला. लाट निघालीच नाही. सूर पाण्यासारखा सपाट पसरून राहिला.

“पुढची,” पैलवान वरून म्हणाला.

तिने बोट उचललं नाही.

“मावशी, पुढची.”

“ऐकलं,” ती म्हणाली, आणि आणखी थोड्या वेळाने तिने पुढची दाबली.

संध्याकाळी ती मास्तरांकडे गेली. ते स्वरलिपीच्या वह्या पिशवीत भरत होते.

“मास्तर, उद्या शेवटी कोपऱ्यातली घ्या.”

मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. “लावलीस?”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“पंचवीस वर्षं त्या सुरावरून उडी मारतोय. गुडघे माझेही दुखतात.” वही पिशवीत टाकून ते म्हणाले, “कुणासाठी राखलीयस ते विचारलं नाही कधी. आता विचारू?”

“नको.”

“बरं. लांबवून घेतो. मनसोक्त ऐक.”

शनिवारी चर्च भरून गेलं होतं. चिटणीसांनी पत्र वाचलं, शेवटच्या वाक्यावर आवाज चढवला, टाळ्या पडल्या. मावशीनेही वाजवल्या. निळी साडी नेसून ती दाराशी बसली होती, आणि दोनदा दार उघडलं तरी तिने मान वळवली नाही. तिसऱ्यांदा वळवली. छत्री विसरलेला कुणी होता.

शेवटची रचना संपत आली तसे मास्तर संथ झाले. सूर एकावर एक चढत गेले, मग एकेक करत खाली उतरले आणि तळाशी येऊन थांबले. मास्तरांनी ते सगळं धरून ठेवलं. मावशी डोळे मिटून आपली नळी शोधायला लागली. पंचवीस वर्षं ती कुठल्याही आवाजातून तिला बोट ठेवून दाखवता आली असती. आता सापडेना. डावीकडून वाटली, मग वरून, मग कुठूनच नाही. तिने डोळे उघडले. मास्तरांचं बोट त्या पट्टीवर होतं, एवढं तिला लांबूनही दिसत होतं. ऐकू मात्र आख्खा ऑर्गन येत होता.